पट्टेरी बेगोनिया दर वर्षी का जातो? आधी त्याचं नाव शोधा

समस्या अशी. पट्टेरी पानांचा बेगोनिया नर्सरीतून आणला की दोन-तीन महिने छान राहतो. मग कधी पानांच्या कडा करपतात, कधी देठ बुडाशी मऊ पडतात, कधी थंडीत सगळी पानं गळून कुंडीत नुसती माती दिसते. पुढच्या वर्षी नवं रोप आणायचं, पुन्हा तेच. जुळे सोलापुरात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हे सलग तीन वर्षं चाललं. विचारलं त्या प्रत्येकानं एकच उत्तर दिलं, "सोलापूरच्या उन्हात बेगोनिया जगत नाही." हे निम्मंच खरं आहे. आज माझ्याकडे दोन पट्टेरी बेगोनिया आहेत आणि दोन्ही मे महिना काढून पावसाळ्यात आलेले आहेत. मधल्या काळात काय चुकलं आणि काय सापडलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमची रोपं तरी वाचतील.

पहिलं रोप फेब्रुवारीत आणलं. पान तळहातापेक्षा मोठं, मधोमध रुंद चंदेरी पट्टा, कडेला काळपट जांभळी झालर. एप्रिलच्या मध्यावर कडा तपकिरी होऊन पापडासारख्या मोडायला लागल्या. झाड तहानलं असं समजून मी पाणी वाढवलं. ते पाणी बोअरचं. महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरा थर चढला, पानं आणखी करपली आणि मे संपायच्या आत झाड संपलं.

दुसरं पुढच्या जुलैत आणलं. नर्सरीत नाव विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "पट्ट्याचा बेगोनिया हाय की ओ ताई, दुसरं काय नाव असतंय!" गेल्या वर्षीचा धडा लक्षात ठेवून या वेळी मी ओलावा कमी पडू दिला नाही. दिवसातून चार वेळा पानांवर फवारा, कुंडीखाली पाण्यानं भरलेली ताटली, रात्री वरून प्लॅस्टिकची पिशवी. तीन आठवड्यांत खोड मातीलगत काळं पडलं आणि बोटानं दाबलं तर लगदा.

तिसरं दिवाळीत. ते चांगलं रुजलं, पण डिसेंबरात एकेक पान गळू लागलं आणि जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत कुंडी बोडकी झाली. मेलं म्हणून मी ती सगळी माती खताच्या डब्यात उलटी केली. मार्चमध्ये डबा हलवायला गेले तर पालापाचोळ्यातून एक इवलंसं, गुंडाळलेलं, लालसर पान वर आलेलं. खाली मातीत आडवा पडलेला जाड कंद तसाच टणक होता. झाड मेलेलंच नव्हतं, मीच ते फेकून दिलं होतं.

त्या पानानं मला विचार करायला लावलं. मोबाइलमधले जुने फोटो काढून तिन्ही रोपं शेजारी शेजारी लावून पाहिली. पहिलं आणि तिसरं एका घराण्यातलं, दुसरं अगदीच वेगळं. त्याची पानं लहान, गडद हिरवी, मखमली, मधून पोपटी पट्टा, खालची बाजू लाल, आणि वर सरळ वाढणारं फांद्यांचं खोड. म्हणजे एकाच "पट्टेरी बेगोनिया" या नावाखाली मी दोन निराळी झाडं आणली होती आणि पहिल्याचं औषध दुसऱ्याला पाजलं होतं. तीन मरणांची तीन कारणं होती. मला ती एकच वाटत राहिली, कारण नाव एकच होतं.

आधी हे बघा, मग पाणी घाला

तुमच्या रोपावर पाटी नसेल, किंवा पाटीवर नुसतं "बेगोनिया" असेल, तर काहीही करण्याआधी पाच मिनिटं झाड बघा. पहिली शंका अशी घ्या की हा बेगोनिया आहे तरी का? बेगोनियाचं पान देठाच्या दोन बाजूंना सारखं नसतं, एक बाजू मोठी आणि एक लहान, त्यामुळे पान तिरकं बसल्यासारखं दिसतं. पानं एकाआड एक येतात. जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांचं 'पर्शियन शील्ड' नावाचं एक देखणं झाड नर्सरीत असतं, त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि दोन्ही बाजूंनी सारखी असतात. तो बेगोनिया नाही.

मग माती बोटानं जराशी बाजूला सारा. मातीच्या पृष्ठभागावर आल्यासारखं जाड, आडवं खोड सरपटत गेलंय आणि पानांचे लांब देठ थेट त्यातूनच निघालेत, तर हा आडव्या खोडाचा, म्हणजे राइझोमचा बेगोनिया. रंगीत मोठ्या पानांचे रेक्स याच गटात येतात. खोड वर उभं वाढतं, त्याला फांद्या फुटतात आणि पानं फांद्यांवर लागतात, तर तो झुडपी. उभ्या खोडावर बांबूसारखी पेरं स्पष्ट दिसली, तर तो तिसरा गट, वेतासारख्या खोडाचा. ठिपक्यांच्या लांबट पानांचा मॅक्युलाटा या तिसऱ्या गटातला. तिघांत हाच सर्वांत सोशिक आहे. सोलापुरात पहिल्यांदाच बेगोनिया लावणाऱ्याला मी तोच सुचवते.

पानावर लव आहे का हेही बघा. लव असलेल्या पानावर पाणी अडून राहतं आणि आमच्या दुसऱ्या कुंडीत नेमकं तेच झालं.

नावात काय काय असतं

इथे थोडी थांबते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

बेगोनिया हे नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं मिशेल बेगों यांच्या सन्मानार्थ दिलं. बेगों हे कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच वसाहतींचे कारभारी होते. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ च्या आपल्या ग्रंथात हे नाव कायम केलं. या प्लुमिएचं स्वतःचं नाव आपण रोज देवाला वाहतो. आपल्या चाफ्याचं, देवळाच्या आवारात असतो त्या पांढऱ्या चाफ्याचं, शास्त्रीय नाव प्लुमेरिया. हे मला कळलं त्या दिवसापासून गॅलरीतला बेगोनिया आणि देवळातला चाफा मला नातेवाईक वाटतात, जरी त्यांची कुळं एकमेकांपासून दूर असली तरी.

आता एक घोळ, जो फोनवर रोप मागवताना फार होतो. आपल्याकडे बेगोनियाला सर्रास 'बिगोनिया' म्हणतात. 'बिग्नोनिया' हे अगदी निराळं नाव आहे, दुसऱ्याच फ्रेंच माणसाच्या, बिन्यों यांच्या नावावरून पडलेलं. मकर संक्रांतीच्या सुमारास नारिंगी फुलांनी कुंपणं झाकून टाकणारा संक्रांत वेल पूर्वी बिग्नोनिया म्हणून ओळखला जायचा, त्याचं आजचं नाव पायरोस्टेजिया. जुने माळी अजून त्याला बिग्नोनियाच म्हणतात. तेव्हा फोनवर 'बिगोनिया पाठवा' म्हणालात आणि घरी वेल आला, तर समोरच्याला दोष देऊ नका. 'पानांचा, कुंडीतला, सावलीतला' एवढं तरी सांगा.

'रेक्स' म्हणजे लॅटिनमध्ये राजा. हे नाव ज्यूल पुट्झेइस यांनी १८५७ साली दिलं आणि ते रोप युरोपात गेलं होतं आपल्या आसामातून. आज नर्सरीत 'रेक्स' म्हणून जे मिळतं ते बहुतेक मूळ रेक्स नसतं. त्याचा आणि इतर जातींचा संकर करून तयार झालेले हे असंख्य वाण आहेत. पण घराणं आसामचं. दाट झाडीखालची सावली, हवेत दमटपणा, मुळांशी पाणी न साचणारा पालापाचोळा. हे वाचल्यावर एप्रिलच्या दुपारी आमच्या गॅलरीत त्या झाडाची काय अवस्था झाली असेल ते कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

दुसऱ्या कुंडीतलं रोप बेगोनिया लिस्टाडा. लायमन स्मिथ आणि डीटर वासहाउझेन या दोन शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे आणि त्याच्या शेजारच्या भागात. आणि लिस्टाडा या शब्दाचा स्पॅनिश अर्थ पट्टेरी! म्हणजे नर्सरीतल्या त्या दादांनी "पट्ट्याचा बेगोनिया, दुसरं काय नाव असतंय" म्हटलं ते त्या एका रोपापुरतं तंतोतंत बरोबर होतं. अडचण एवढीच की ते हेच नाव शेजारच्या रांगेतल्या रेक्सलाही लावत होते.

म्हणून मी जातीच्या नावाचा आग्रह धरते. नाव कळलं की झाडाचं घर कळतं आणि घर कळलं की त्याला किती पाणी, किती ऊन, कसली हवा लागेल याचा अंदाज येतो. नुसत्या 'पट्टेरी'वरून फक्त ते दिसतं कसं एवढंच कळतं.

आपल्या जिल्ह्याला हे खरं तर नवीन नाही. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या दुकानात 'पांढरी ज्वारी द्या' म्हणताना कुणी ऐकलंय का? तो 'मालदांडी' म्हणतो, आणि जाणकार असेल तर 'पस्तीस-एक' म्हणतो, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला तो वाण. डाळिंबाची बाग लावणारा 'लाल डाळिंब' मागत नाही. भगवा की गणेश की आरक्ता, ते तो स्पष्ट विचारतो, कारण बहार, पाणी, बाजार सगळं त्या नावावर ठरतं. शोभेच्या झाडाबाबतच आपण रंगावर समाधान मानतो.

शोभेच्या झाडांच्या वाणांची नावं कशी ठेवायची याचीही आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, पहिल्यांदा १९५३ मध्ये छापली गेलेली. पाटी वाचताना तिच्यातल्या दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या की पुरे. निसर्गातल्या जातीचं नाव लॅटिन वळणाचं असतं आणि छापताना तिरक्या अक्षरांत येतं, जसं बेगोनिया लिस्टाडा. माणसानं निवडून किंवा संकर करून टिकवलेल्या वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहितात, जसं बेगोनिया 'एस्कार्गो'. हा शंखासारखी गोल वळलेली पट्टेरी पानं असणारा रेक्स आहे. १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव देता येत नाही, साध्या चालत्या भाषेतलंच द्यावं लागतं. बेगोनियाच्या वाणांची नोंद अमेरिकन बेगोनिया सोसायटी ठेवते, ही संस्था १९३२ पासून आहे. याशिवाय कंपन्या विक्रीसाठी एखादं चटकदार नाव लावतात ते निराळं. तेच रोप दुसऱ्या देशात दुसऱ्या विक्री-नावानं मिळू शकतं, म्हणून माहिती शोधताना अवतरणातलं नाव शोधा.

आणि शास्त्रीय नावंही बदलतात, त्यानं गोंधळू नका. कोलियसचं नाव मध्यंतरी बदलून दोन-तीन घरं फिरून पुन्हा कोलियस झालं. सान्सेव्हेरिया आता ड्रॅसिना या गटात गेलाय. पाटीवर जुनं नाव असलं तरी त्यावरून नवं सापडतं. नावच नसेल तर मात्र शोध सुरूच होत नाही.

सोलापुरात प्रत्यक्ष काय करायचं

सगळ्यात आधी पाणी, कारण चुका इथेच जास्त होतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून कुंड्यांना बोअरचं जातं. ते जड असतं. त्यातले क्षार मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात. उन्हाचा करपा आणि क्षारांचा करपा यांत फरक असा की उन्हाचा डाग पानाच्या मध्यावरही पडतो, जिथे किरण पडले तिथे, तर क्षारांचा करपा टोकापासून आणि कडेनं आत सरकतो आणि कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसते. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनं पुष्कळ घरांत आरओचं फेकायचं पाणी झाडांना घालतात. बेगोनियाला ते घालू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. याउलट एसीच्या नळीतून थेंबथेंब पडणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं, ते बादलीत धरा. पावसाचं पाणी मिळेल तेवढं साठवा. मी पावसाळ्यात झाकणाचे दोन पिंप भरून ठेवते, ते दोन कुंड्यांना बराच काळ पुरतं.

माती: काळी माती अजिबात नको. ओली असताना ती मुळांना श्वास घेऊ देत नाही आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) साधारण सारख्या भागानं घेते, वर मूठभर गांडूळखत. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. कुंडी लहान आणि पसरट घ्या. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं सडतात.

रेक्ससाठी उन्हाळ्यात सगळा भर हवेतल्या दमटपणावर द्यायचा. मार्च उजाडला की मी रेक्स गॅलरीतून घरात, उत्तरेच्या खिडकीशी आणते आणि एका जुन्या काचेच्या फिशटँकमध्ये ठेवते. तळाशी खडे, खड्यांत थोडं पाणी, कुंडी खड्यांवर, पाण्याला न टेकता. वर काच अर्धी सरकवलेली. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळिशीच्या पुढे गेला तरी आतलं पान टवटवीत राहिलं. फिशटँक नसेल तर चार-पाच कुंड्या एकत्र दाटीनं ठेवा, त्यांची हवा थोडी दमट राहते. कूलर असलेल्या खोलीत ठेवलं तर चालतं, पण झोताच्या समोर नको. पानांवर फवारा मारण्याचा फायदा काही मिनिटांपुरताच असतो, त्यापेक्षा खड्यांची ताटली बरी.

लिस्टाडाला उलट. पानांवर पाणी नाही, पिशवी नाही, हवा खेळती हवी. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं, दुपारचं पश्चिमेचं नको, तिथे हिरवी शेडनेट बांधा. पाणी कधी द्यायचं ते कुंडी उचलून ठरवा. हलकी लागली तर द्या, जड असेल तर वरची माती कोरडी दिसली तरी थांबा. शेंडे खुडत राहिलात तर झुडूप दाट होतं.

थंडीत रेक्सची पानं गळली तर माझी चूक करू नका. आडवं खोड बोटानं दाबून बघा. टणक असेल तर झाड झोपलंय. पाणी खूप कमी करा, खत बंद, कुंडी उबदार कोपऱ्यात, आणि होळीपर्यंत वाट बघा. दाबल्यावर मऊ लागलं आणि वास आला तरच ते गेलं. त्यातही एखादा टणक तुकडा उरला असेल तर स्वच्छ सुरीनं कापून नव्या मिश्रणावर आडवा ठेवा, पुरू नका.

दोन रोग आपल्या भागात ओळखीच्या नावांनी सांगता येतात. थंडीत पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. ते पान लगेच काढा, कुंड्यांमध्ये अंतर वाढवा, संध्याकाळी पाणी देणं बंद करा, लागलंच तर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा, तोही ऊन उतरल्यावर. आणि पानावर तेलकट, पाणी मुरल्यासारखे डाग पसरत गेले तर ते जिवाणूंचं काम. डाळिंबावरचा तेल्या ज्या झँथोमोनास गटातल्या जिवाणूमुळे होतो, त्याच गटातला दुसरा प्रकार बेगोनियावर येतो. डाळिंबाचा इकडे येत नाही, पण वागणं तसंच, पाण्याच्या शिंतोड्यांतून पसरणं. अशा कुंडीला इतरांपासून दूर ठेवा आणि कात्री वापरल्यावर पुसून घ्या.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर. बेगोनियाच्या रसात ऑक्झॅलेट असतं, चावलं तर त्यांना त्रास होतो.

एक पान राखून ठेवा

फेब्रुवारीत, ऊन तापण्याआधी, रेक्सचं एक निरोगी पान काढून त्याच्या जाड शिरांवर खालच्या बाजूनं छेद द्या आणि ओल्या कोकोपीटवर पालथं न घालता सरळ, शिरा टेकतील असं पसरा. झाकणाच्या डब्यात ठेवलं तर काही आठवड्यांत छेदांपाशी रोपं फुटतात. पट्टे नव्या रोपातही येतात, कारण बेगोनियाची चंदेरी चमक पानाच्या रचनेतच आहे, पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात. हे सगळ्याच पट्टेरी झाडांना लागू नाही. पिवळ्या काठाच्या सान्सेव्हेरियाचं पान लावलंत तर रोप निव्वळ हिरवं येतं, तो काठ गड्डा फोडूनच टिकवावा लागतो. लिस्टाडासाठी फांदीचा शेंडा लावणं सोपं.

अशी रोपं मी आता दोन घरांत देऊन ठेवते, शेजारच्या काकूंकडे एक आणि विजापूर रोडला बहिणीकडे एक. देताना पाटी लावल्याशिवाय देत नाही. आइस्क्रीमच्या डब्याची पट्टी कापायची आणि पेन्सिलनं लिहायचं. शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिल टिकते. नाव, कुठून आलं, कधी आलं. नाव खात्रीनं माहीत नसेल तर अंदाजानं लिहायचं नाही आणि स्वतःच्या मनानं सुंदरसं नाव ठेवून पुढे द्यायचं नाही, कारण पुढचा माणूस ते खरं मानून शोधत बसतो.

माझ्या फिशटँकमधल्या रेक्सचा वाण मला अजून सापडलेला नाही. खताच्या डब्यातून वर आलेलं ते हेच झाड. त्याच्या पाटीवर असं लिहिलंय: 'बेगोनिया, रेक्स संकर, वाण अज्ञात. सोलापूर, दिवाळीत आणला. थंडीत पानं गाळतो, फेकू नये.'